बाल्टिमोर रेव्हन्स आणि स्वस्तात मिळणारे मुरलेले खेळाडू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मार्चमध्ये मला हेच प्रश्न विचारले जातात. इथे मेरीलँडमध्ये नव्याने राहायला आलेले विचारतात, पुण्या-नाशिकहून रात्र जागून सामने बघणारे विचारतात. सगळ्यांचं दुखणं एकच : अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधले बाकीचे संघ धडाधड खेळाडू घेतायत आणि आपले रेव्हन्स हातावर हात ठेवून बसलेत. मी वीसएक वर्षं हा संघ मनापासून बघतोय, आणि हे गप्प बसणं हाच त्यांच्या खरेदीचा सगळ्यात मोठा भाग आहे असं माझं ठाम मत झालंय. ते का, हे खालच्या उत्तरांतून कळावं. आकडे डॉलरचे आहेत, मोजणी मात्र आपल्या लाख-कोटीत केली आहे.

फ्री एजंट म्हणजे नेमका कोण?

ज्याचा करार संपला आहे आणि ज्याच्या नावावर किमान चार हंगाम जमा आहेत, तो पूर्ण मोकळा. एखाद्या मोसमात सहा सामने पूर्ण पगारावर असलं की तो हंगाम जमा होतो. तीनच हंगाम झालेला खेळाडू अर्धा मोकळा असतो. त्याला दुसऱ्या संघाकडून देकार आला तरी जुना संघ तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेऊ शकतो. ही पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारावर मर्यादा आली. तीच सॅलरी कॅप.

मोकळ्या खेळाडूंचा आणखी एक प्रकार आहे : करार शिल्लक असताना संघाने काढून टाकलेला. करार संपलेला वेगळा आणि काढलेला वेगळा. हा फरक आत्ताच डोक्यात पक्का करा, कारण रेव्हन्सचं निम्मं गणित त्यावर उभं आहे.

'स्वस्त' म्हणजे किती स्वस्त?

२०२५ मध्ये एका संघाची कॅप २७.९२ कोटी डॉलर होती. त्याच वर्षी नवख्या खेळाडूचा किमान पगार ८.४ लाख होता, आणि सात किंवा जास्त हंगाम खेळलेल्याचा किमान पगार १२.५५ लाख. म्हणजे कायद्यानेच जुना माणूस महाग. मग संघांनी जुन्यांना दारात उभं केलं नसतं. ते होऊ नये म्हणून नियमात एक सोय आहे : चार किंवा जास्त हंगामांच्या खेळाडूला एका वर्षाच्या किमान पगारावर घेतलं, तर कॅपमध्ये तो दोन हंगामांच्या खेळाडूच्या दराने मोजला जातो. २०२५ मध्ये हा दर १०.३ लाख होता. खेळाडूच्या हातात १२.५५ पडतात, संघाच्या वहीत १०.३ लागतात.

पुढची गंमत उन्हाळ्यातली. मोसम सुरू होण्याआधी संघाकडे नव्वद खेळाडू असतात, पण कॅपमध्ये त्यांतले सगळ्यात महागडे ५१ च करार मोजतात. तुम्ही १०.३ लाखांचा अनुभवी माणूस आणलात की तळाचा ८.४ लाखांचा करार मोजणीतून बाहेर पडतो. कॅपवर खरा बोजा पडला १.९ लाखांचा. दहा वर्षं खेळलेला लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) इतक्या किमतीत येत असेल, तर त्याला फोन न करणारा जनरल मॅनेजर मला तरी समजत नाही.

किमान पगाराच्या वरचा, साधारण ३० ते ५० लाखांचा एका वर्षाचा करार, हाही स्वस्तातच धरतात. डीअँड्रे हॉपकिन्स २०२५ मध्ये ५० लाखांवर आला तो असाच.

मार्चमध्ये रेव्हन्स गप्प का बसतात?

कारण त्या दिवसांत घेतलेल्या खेळाडूची किंमत फक्त पैशात मोजली जात नाही.

लीगचा नियम असा : तुमचे करार संपलेले खेळाडू दुसरीकडे मोठ्या पगारावर गेले आणि तुम्ही तशाच दर्जाचे बाहेरचे खेळाडू घेतले नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडण्याच्या कार्यक्रमात, तुम्हाला भरपाई म्हणून जादा निवडी मिळतात. तिसऱ्या फेरीच्या शेवटापासून सातव्या फेरीपर्यंत. संपूर्ण लीगमध्ये वर्षाला ३२ आणि एका संघाला जास्तीत जास्त चार. तुम्ही मार्चमध्ये कुणाला मोठ्या करारावर घेतलंत की तो तुमच्या गेलेल्या एका खेळाडूला खोडतो आणि ती निवड हातची जाते.

या खोडाखोडीत काही जण धरलेच जात नाहीत. काढून टाकलेला खेळाडू धरत नाहीत. किमान पगाराचे छोटे करार धरत नाहीत. ड्राफ्टनंतरच्या सोमवारी संध्याकाळी चार वाजल्यानंतर घेतलेला कुणीही धरत नाहीत. आता रेव्हन्स कुणाला घेतात आणि कधी घेतात ते आठवून बघा. काढून टाकलेले, आणि मेपासून पुढे आलेले. आधीचे जनरल मॅनेजर ऑझी न्यूसम यांनी ही शिस्त संघात रुजवली, आणि २०१९ पासून जनरल मॅनेजर असलेल्या एरिक डिकॉस्टा यांनी ती पुढे चालवली. भरपाईच्या निवडी सुरू झाल्यापासून सगळ्यात जास्त निवडी मिळवणारा संघ बाल्टिमोरच आहे.

एक उदाहरण सांगतो. २०१९ मध्ये लाइनबॅकर सी. जे. मोजलीला जेट्स या दुसऱ्या संघाने पाच वर्षांचे ८.५ कोटी देऊ केले. इथे लोक हळहळले, मीही हळहळलो. संघाने मात्र त्याला जाऊ दिलं आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीची जादा निवड पदरात पाडून घेतली.

आजवरचा सगळ्यात चांगला सौदा कोणता?

जकोबी जोन्स. यावर माझ्याशी वाद घालायला खुशाल या.

जानेवारी २०१२ मध्ये तो ह्यूस्टन टेक्सन्सचा होता. बाल्टिमोरमध्येच बादफेरीचा सामना, आणि त्याने टप्पा घेऊन उडालेला पंट, म्हणजे समोरच्या संघाने लाथेने दूर मारलेला चेंडू, धरायला नको असताना धरायचा प्रयत्न केला. चेंडू निसटला, रेव्हन्सनी तो टेक्सन्सच्या गोललाइनजवळ उचलला आणि पाठोपाठ टचडाउन केलं, म्हणजे चेंडू त्या रेषेपलीकडे नेला. सामना २०-१३ असा गेला. काही महिन्यांत टेक्सन्सनी त्याला काढलं. मे महिन्यात त्याला कुणी घेतलं? ज्यांच्यासमोर त्याच्या हातून ती चूक झाली होती त्याच रेव्हन्सनी. दोन वर्षांचे मिळून ७० लाख. काढलेला खेळाडू, त्यामुळे भरपाईच्या हिशेबाला धक्का नाही.

१२ जानेवारी २०१३ ची डेन्व्हरमधली रात्र. तिथे उणे दहाच्या आसपास तापमान, रेव्हन्स सात गुणांनी मागे, घड्याळात जेमतेम चाळीसएक सेकंद. बाबा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर क्रिकेट पाहिलेला माणूस, माझ्या आग्रहाखातर शाल गुंडाळून सोफ्यावर बसला होता. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो फ्लॅकोने चेंडू उंच फेकला, डेन्व्हरच्या बचावपटूचा अंदाज चुकला, आणि त्याच्या मागे एकटा उभा असलेल्या जोन्सच्या हातात तो पडला. सत्तर यार्ड. ३५-३५. मी घरभर ओरडत फिरत होतो. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "हा तोच ना रे, तू मघाशी सांगितलंस तो? चेंडू सोडलेला?" तोच. दुसऱ्या जादा वेळेत रेव्हन्स ३८-३५ जिंकले.

तीन आठवड्यांनी सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, न्यू ऑर्लिन्सला, जोन्सच्या स्वतःच्या गावात. ५६ यार्डांचा एक टचडाउन त्याने जमिनीवर पडून, कुणी हात लावायच्या आत पुन्हा उठून केला. दुसऱ्या सत्राची सुरुवात किकऑफचा, म्हणजे सुरुवातीला लाथेने मारलेला, चेंडू धरून १०८ यार्ड धावत केली. फोर्टीनायनर्सवर ३४-३१ असा विजय. जोन्स जुलै २०२४ मध्ये वयाच्या अवघ्या चाळिशीत गेला, न्यू ऑर्लिन्समध्येच. त्या दिवशी बाबांचा सकाळीच फोन आला होता.

काढलेला खेळाडू म्हणजे संपलेला खेळाडू ना?

बहुतेक वेळा तो फक्त त्या संघाच्या हिशेबात बसत नसतो. स्टीव्ह स्मिथ तेरा मोसम कॅरोलिना पँथर्ससाठी खेळला. मार्च २०१४ मध्ये त्यांनी त्याला काढलं. रेव्हन्सनी लगेच तीन वर्षांचा करार केला, सगळे मिळून १ कोटीच्या थोडं वर. त्याच मोसमात २८ सप्टेंबरला पँथर्स बाल्टिमोरला आले. स्मिथने सात झेल, १३९ यार्ड आणि दोन टचडाउन केले. ३८-१०. मोसमअखेर त्याचे हजारावर यार्ड झाले होते.

एल्विस डमरविलची गोष्ट तर सांगून खरी वाटत नाही. मार्च २०१३ मध्ये तो डेन्व्हरमध्ये पगार कमी करून घ्यायला तयार झाला होता. सही केलेला कागद फॅक्सने यायचा होता. मुदत टळल्यावर काही मिनिटांनी आला. डेन्व्हरला त्याला काढावं लागलं आणि रेव्हन्सनी उचललं. त्याचा करार स्वस्तातला म्हणता येणार नाही, पण २०१४ मध्ये त्याने १७ सॅक केले (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडणं) आणि पीटर बूलवेअरचा १५ चा संघविक्रम मोडला.

आपल्याकडच्या वाचकांना हे परकं वाटू नये. २०२३ मध्ये चेन्नईने अजिंक्य रहाणेला ५० लाख रुपयांच्या मूळ किमतीत घेतलं तेव्हाही लोक असंच म्हणत होते, आणि त्याने तो मोसम १७० च्या वर स्ट्राइक रेटने खेळून काढला.

२०२३ मध्ये क्लाउनी आणि व्हॅन नॉय इतक्या उशिरा कसे मिळाले?

एज रशर म्हणजे बाजूने घुसून क्वार्टरबॅकला गाठणारा. ही जागा बाजारात फार महाग असते. रेव्हन्सकडे तेव्हा दोन तरुण होते, डेव्हिड ओजाबो आणि ओडाफे ओवे. ऑगस्टमध्ये जडेव्हियन क्लाउनी एका वर्षाच्या करारावर आला. २०१४ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आणि हा त्याचा पाचवा संघ. मोसम सुरू झाला आणि दोन्ही तरुण जायबंदी झाले. सप्टेंबरच्या शेवटी फोन गेला काइल व्हॅन नॉयला. वय ३२, पेट्रियट्सबरोबर दोन सुपर बोल जिंकलेला, आणि घरी बसलेला. तो आधी प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरत्या राखीव खेळाडूंच्या यादीत) आला आणि आठवड्याभरात मुख्य यादीत गेला.

क्लाउनीने ९.५ सॅक केले, व्हॅन नॉयने चौदा सामन्यांत ९. त्या वर्षी रेव्हन्सचा बचाव सर्वांत कमी गुण देणारा, सर्वाधिक सॅक करणारा आणि सर्वाधिक वेळा चेंडू हिसकावणारा ठरला. तिन्हींत एकाच मोसमात पहिलं येण्याचा मान त्याआधी कोणत्याही संघाला मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी व्हॅन नॉयने १२.५ सॅक केले.

दोघांना ठरावीक काम दिलं होतं, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं. व्हॅन नॉयला प्रत्येक डावात उतरवला असता तर डिसेंबरपर्यंत तो थकला असता. संघाने त्याला जपून वापरलं. मुरलेला खेळाडू घेताना 'हा नेमकं काय करणार' याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तो घेऊ नये.

सप्टेंबरपर्यंत थांबायचं कारण काय? ऑगस्टमध्येच घेतलं तर?

चार हंगाम खेळलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या दिवशी यादीत असेल, तर पुढे त्याला काढलं तरी तो वर्षाच्या उरलेल्या पगारावर हक्क सांगू शकतो. म्हणजे त्याचा पगार जवळजवळ पक्का. पहिला आठवडा उलटल्यावर घेतला तर आठवड्यागणिक पैसे. म्हणून पहिल्या रविवारनंतरच्या मंगळवारी जुन्या खेळाडूंचे फोन वाजतात. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर मला हे बोचतं. एक तारीख मागेपुढे झाली म्हणून वर्षाची हमी जाते.

प्रॅक्टिस स्क्वॉड तर नवख्यांसाठी असतो ना?

पूर्वी होता. आता सोळा जागांपैकी सहा कितीही अनुभवी खेळाडूंना देता येतात. तिथून एका सामन्यासाठी दोघांना वर घेता येतं, आणि एका खेळाडूला मोसमात तीनदा. त्यानंतरही खेळवायचा तर त्याला मुख्य यादीत घ्यावंच लागतं.

याचा फायदा सगळ्यात ठळक कुणी दाखवला असेल तर आपल्याच जुन्या जो फ्लॅकोने, पण क्लीव्हलँडमध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३८ व्या वर्षी तो ब्राउन्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर आला, पाचपैकी चार सामने जिंकून त्यांना बादफेरीत घेऊन गेला आणि पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला. आमच्या शत्रूच्या कपड्यांत त्याला बघताना पोटात कालवलं, पण आनंदही झाला.

करारात 'इतक्यापर्यंत' असं लिहितात, तो आकडा खरा धरायचा का?

नाही. '६० लाखांपर्यंत' असं छापून येतं, त्यात पक्के पैसे बरेच कमी असतात. उरलेले कामगिरीवर : इतके सॅक, इतके झेल, इतके डाव. गेल्या वर्षी त्याने ते लक्ष्य गाठलं असेल तर रक्कम याच वर्षी कॅपमध्ये धरतात, गाठलं नसेल तर धरत नाहीत आणि मिळवली तर पुढच्या वर्षी वजा होते. म्हणून दुखापतीत एक मोसम घालवलेला चांगला खेळाडू संघांना आवडतो. त्याची जवळपास सगळी लक्ष्यं 'न गाठलेली' असतात. दुसरा भाग सामन्यागणिक बोनसचा. मैदानात उतरलास तर पैसे, दुखापतीमुळे बाहेर बसलास तर नाही.

डेरिक हेन्री स्वस्तात आला असं म्हणायचं का?

दोन वर्षांचे १.६ कोटी ही रक्कम रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी, लहान नाही. पण मार्च २०२४ मध्ये तो तीस वर्षांचा होता आणि या जागेवर तिशी ओलांडलेल्याकडे लोक संशयानेच बघतात. पहिल्याच मोसमात १,९२१ यार्ड आणि १६ टचडाउन. मे २०२५ मध्ये संघाने त्याला आणखी दोन वर्षांसाठी ३ कोटी दिले. दुसरा करार स्वस्त नाही, पहिला नक्की होता.

फसलेले सौदे कोणते?

स्वस्तातला फसला तर त्याची आठवणही राहत नाही. जाइर अलेक्झांडर जून २०२५ मध्ये एका वर्षाच्या ४० लाखांवर आला, रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनचा कॉलेजचा जुना सहकारी. मोजकेच सामने खेळला आणि नोव्हेंबरच्या तोंडावर ईगल्सकडे पाठवला गेला. संघाचं फार काही बिघडलं नाही.

महागडा फसला की वर्षानुवर्षं सलतो. २०१९ मध्ये सेफ्टी (मागचा बचावपटू) अर्ल थॉमसला चार वर्षांचे ५.५ कोटी दिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याला काढावं लागलं. त्याच्या नावाचे पैसे तो गेल्यावरही कॅपवर बसले होते.

सगळ्यात जास्त मला २००१ चं लागतं. आदल्या वर्षी ट्रेंट डिल्फर राखीव क्वार्टरबॅक म्हणून आला होता, टँपाच्या संघाला तो नको होता. मोसमाच्या मध्यात त्याच्या हाती संघ दिला आणि बादफेरीसकट सलग अकरा सामने जिंकून रेव्हन्सनी जायंट्सना ३४-७ ने हरवून सुपर बोल नेला. त्या संघात बाहेरून आलेले जुने-जाणते किती होते बघा : रॉड वुडसन, शॅनन शार्प, टोनी सिरागुसा. ओकलंडमध्ये डिल्फरच्या आखूड पासवर शार्प ९६ यार्ड धावला, तो डाव आजही अंगावर काटा आणतो. आणि मग? डिल्फरला जाऊ दिलं आणि मोठा करार देऊन एल्विस गर्बॅकला आणलं. तो एक मोसम खेळून निवृत्त झाला. जिंकून दिलेल्या स्वस्त माणसाला सोडून महागडा आणायची ती घाई मला अजून पटलेली नाही.

लमारच्या कराराचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. एप्रिल २०२३ मध्ये लमार जॅक्सनला पाच वर्षांचे २६ कोटी मिळाले, आणि ते त्याच्या मोलाचेच आहेत. पण ५३ जणांच्या यादीत एकाने एवढा वाटा घेतला की उरलेल्यांत तळाचे पंधरा-वीस जण किमान पगाराच्या आसपास हवेत. ते सगळे नवखे असले तर एका दुखापतीत बचाव उघडा पडतो.

खेळाडू इतक्या कमी पैशांत का येतात?

ऑगस्टपर्यंत बहुतेक संघांचे पैसे संपलेले असतात, हे पहिलं कारण. काहींना विजेतेपदाची अंगठी हवी असते, काहींना एक चांगला मोसम खेळून पुढच्या मार्चमध्ये मोठा करार. क्लाउनीने तेच केलं. २०२३ नंतर कॅरोलिनाने त्याला दोन वर्षांचे २ कोटी दिले. त्याला आणखी एक संघ बदलावा लागला, आणि तो पैसा त्याने कष्टाने कमावला आहे. आपण चाहते म्हणून 'स्वस्तात मिळाला' असं म्हणतो तेव्हा त्या माणसाच्या गुडघ्यांवर दहा वर्षांचा मार असतो, एवढं मला प्रत्येक वेळी आठवतं.

यंदा कधी लक्ष ठेवू?

मार्चच्या मध्यात लीगचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा फक्त काढलेल्यांची नावं बघा. एप्रिलअखेर ड्राफ्ट, आणि त्यानंतरच्या सोमवारपासून रेव्हन्सचे फोन सुरू होतात. जूनमध्ये आणखी काही मोठे खेळाडू मोकळे होतात, कारण १ जूननंतर काढलं की उरलेला बोजा दोन वर्षांत विभागता येतो. ऑगस्टअखेरच्या सुमारास सगळे संघ ५३ खेळाडूंवर येतात. त्या दिवशी चार हंगामांचा खेळाडू सुटला तर तो इतर संघांच्या दाव्यांच्या रांगेत न थांबता लगेच कुठेही सही करू शकतो. मग पहिल्या रविवारनंतरचा मंगळवार. इथे संध्याकाळ म्हणजे तुमच्याकडे बुधवारची पहाट, तेव्हा उठल्या उठल्या बातम्या बघा.